एकपानी चुरी

भाईंदरच्या केबिन रोडवर कोथिंबिरीची जुडी निवडता निवडता भाजीवाल्याला लघुकथा लिहिण्याचे फायदे सांगणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? मी रोज पाहतो. माझ्या डोक्यावरच राहतो. म्हणजे मी तिसऱ्या मजल्यावर, तो चौथ्या.

"देखो भैया," चुरी म्हणतात, "बडी किताब मतलब गोदाम. माल अंदर पडा पडा सड जाता है. छोटी कहानी मतलब ये तुम्हारी जुडी. सुबह लाया, शाम को खलास. फायदा!"

हा 'फायदा' ते कंडक्टरने घंटी मारावी तसा मारतात. एक मुद्दा संपला, गाडी पुढे.

भाजीवाला शहाणा आहे. मान हलवतो आणि म्हणतो, "सही बात है अंकल. दो जुडी डालूँ?"

"नहीं, एक ही. हम दो ही लोग हैं."

मनोहर चुरी. वय चौऱ्याहत्तर. विमा कंपनीतून रिटायर. उंच, किडकिडीत, चालताना पुढे वाकलेले, जणू समोर कोणी कागद धरलाय आणि ते वाचत चाललेत. आजची कथा चार घड्या घालून चष्म्याच्या डबीत ठेवतात. त्यामुळे चष्म्याला जागा उरत नाही आणि तो कायम नाकावर. बिल्डिंगमध्ये त्यांना एकपानी चुरी म्हणतात, कारण माणूस रोज एक कथा लिहितो आणि ती एका पानाच्या पुढे जात नाही. तोंडावर म्हटलं तरी रागावत नाहीत. "पदवी आहे ही, गावडे," म्हणतात.

गावडे म्हणजे मी. सातवी शिकलेला. भाईंदरच्या स्टीलच्या शेडमध्ये अडतीस वर्षं भांड्यांना पॉलिश मारलं. माझी बायको सुमन गेल्या वर्षी मेली. 'देवाघरी गेली', 'आपल्यात नाही', असलं मला बोलता येत नाही. मेली. लोक म्हणतात गावडे तोंडाचा फटकळ आहे. असेल.

तर चुरींची भानगड अशी, की हा माणूस मुळात एकपानी नव्हताच. त्यांच्या घरी पोटमाळ्यावर जुन्या चादरीत बांधलेलं एक बाड आहे. कादंबरी. आठशे चाळीस पानं. मिठागरातल्या एका घराण्याच्या तीन पिढ्या, वीसबावीस वर्षं लिहीत होते. आमच्या सोसायटीत त्या कादंबरीची चौकशी घरातल्या म्हाताऱ्या माणसाची करावी तशी व्हायची. "काय चुरीसाहेब, कादंबरी कशी आहे?" "आहे बरी. पंचविसाव्या प्रकरणात आहे."

गेल्या मे महिन्यात दादरहून एक प्रकाशक स्वतः आला. आमची लिफ्ट बंद होती. चार मजले चढून गेला, घाम पुसला आणि म्हणाला, "तुम्ही पाठवलेलं सगळं वाचलं. शेवटची दोन प्रकरणं राहिलीयत, ती दसऱ्यापर्यंत द्या. छापतो. दसऱ्यानंतर मात्र नाही जमणार. मीही दुकान आवरतोय."

दोन प्रकरणं! ज्या माणसाने आठशे चाळीस पानं लिहिली त्याला तीसचाळीस पानं म्हणजे काय? सोसायटीत पेढे वाटायचेच बाकी होते. आणि ह्या बाबाने काय करावं? त्या दिवसापासून कादंबरीची एक ओळ लिहिली नाही. रोज एक कथा, तीही दिवसेंदिवस आखूड. कोणी कादंबरीचं विचारलं, की लघुकथेचा नवा फायदा काढायचे.

"कादंबरी काय म्हणते?"

"लघुकथेत फेकायला शिकतो माणूस. कादंबरीत सगळं ठेवतो. पाहुण्यांची नावं, त्यांच्या चुलत्यांची नावं. इथे जागाच नाही. फायदा!"

"अहो, पण कादंबरी?"

"लघुकथा बिघडली तर एक दिवस गेला. कादंबरी बिघडली तर माणूस गेला. फायदा!"

उत्तनहून एक मावशी आमच्याकडे बोंबील घेऊन येते. तिलाही सोडलं नाही. पायरीवर टोपली ठेवून ती उभी, आणि हे सांगतायत की लघुकथेत सुरुवात सापडली नाही तर सरळ मधून सुरू करावं, आपोआप सुरुवात होते. तिने पाच मिनिटं ऐकून घेतलं. मग टोपली डोक्यावर घेत म्हणाली, "गोष्ट बारकी हाय म्हंतंस नि सांगतंस किती! बोंबील घेतंस का न्हाय?"

घेतले. घ्यावेच लागले.

कथा लिहून झाली की तिची एक प्रत खाली सोसायटीच्या बोर्डावर. पार्किंगची नोटीस, पेस्ट कंट्रोलची नोटीस, त्यांच्या मध्ये चुरींची कथा, त्याच टाचण्यांनी. वाचायचं कोणी? आमच्याकडे चाळीसातली दहा घरं मराठी. पण एकदा सगळ्यांनी वाचली. त्या कथेचं पहिलं वाक्य होतं, 'उद्या दिवसभर पाणी येणार नाही, असं त्याने तिला सांगितलं.' बोर्ड तोच, अक्षर टापटीप, आणि मीरा-भाईंदरमध्ये राहणारा माणूस 'पाणी येणार नाही' एवढं वाचल्यावर पुढे वाचायला थांबतो का? तासाभरात बिल्डिंगमध्ये बादल्या वाजायला लागल्या. पिंपं भरली, टब भरले, दुसऱ्या मजल्यावरच्या एका बाईने प्रेशर कुकरसुद्धा भरून ठेवला. संध्याकाळी वरची टाकी कोरडी ठणठणीत. आणि दुसऱ्या दिवशी खरोखर पाणी आलं नाही.

सेक्रेटरी मेहताभाई तावातावाने वर गेले. मी जिन्यात ऐकत होतो.

"चुरीभाई, आप लिखो, मेरी ना नहीं है. लेकिन ऊपर 'स्टोरी' लिखो! मेरी मिसेस ने मंदिर के कलश में पानी भरा है!"

"मेहताभाई, मुझे एक बात बताओ. पहला वाक्य पढते ही आदमी दौडा ना?"

"दौडा! सब दौडे!"

"कादंबरी में सौ पन्ने लगते हैं आदमी को दौडाने के लिए. यहाँ एक वाक्य. फायदा!"

मेहताभाई खाली येताना मला म्हणाले, "गावडेभाई, तुम इसको समझाओ. इसकी किताब पूरी करवाओ. किताब बोर्ड पे नहीं लगती."

आता मला का सांगितलं? तर सगळ्यांना ठाऊक होतं की चुरींनी मलाही लिहायला बसवलंय.

ते असं झालं. सुमनचं तेरावं झालं. लोक यायचे, बसायचे, "धीर धरा" म्हणायचे, चहा प्यायचे, जायचे. चुरी आले ते एक कोरी वही घेऊन. म्हणाले, "गावडे, एक पान लिहा." मी म्हटलं, "चालते व्हा." ते चालते झाले, पण वही ठेवून गेले. आठ दिवसांनी परत आले. मी पुन्हा घालवलं. असं चार वेळा. पाचव्या वेळी मी म्हटलं हा माणूस काही ऐकणार नाही, एकदाचं लिहून टाकतो. लिहिलं, 'सुमन फार चांगली होती. सगळ्यांचं करायची. आता नाही.'

चुरींनी वाचलं. "ही कोणाची बायको?"

"माझी! अजून कोणाची?"

"ही सगळ्यांची बायको आहे. वर्तमानपत्रात येते, फोटोखाली. तुमची कुठाय?"

मला एवढा राग आला की वही भिरकावणार होतो. पण त्या दुपारी बसलो आणि लिहिलं, की मी शेडमधून पॉलिश केलेला टोप घरी आणला की सुमन तो उलटा करून त्यात तोंड बघायची आणि म्हणायची, "ह्यात माझं नाक मोठं दिसतंय. नीट नाही मारलं पॉलिश." दर वेळी. अडतीस वर्षं. मी दर वेळी सांगायचो की टोप गोल आहे, नाक मोठंच दिसणार. तिला नाही पटलं. एवढंच लिहिलं. अर्धं पान झालं. लिहिता लिहिता मी हसलो, ती मेल्यापासून पहिल्यांदा.

चुरींनी वाचलं, वर बघितलं नाही, नुसतं म्हणाले, "ही तुमची." त्या दिवशी फायदा म्हणाले नाहीत.

त्यानंतर मी लिहायला लागलो. तेव्हा मला त्यांचं म्हणणं थोडं थोडं कळलं. आमच्या शेडमध्ये नवीन माणसाला मोठा टोप कोणी देत नसे. आधी वाटी. टोपावर एखादी रेघ राहिली तर खपून जाते. वाटी पुरी हातात येते, नजरेत येते, लपवायला जागा नसते. वाटी जमली की मग माणसाला भांडं कळतं. हे मी चुरींना सांगितलं तर ते इतके खूश झाले की तीन दिवस येईल त्याला वाटी सांगत होते. वॉचमन यादवला पण.

त्यांचे नियम मात्र कडक. कथेत माणसं दोनच. तिसरा आणायचा नाही. नावं सोपी, आणि एकदा ठेवलं की बदलायचं नाही. "आधी असं झालं होतं" म्हणून मागे जायचं नाही. मी एकदा सुमनच्या भावाला आणलं तर त्यांनी त्याला काट मारली. म्हटलं, "अहो, तो होता तिथे!" म्हणाले, "असेल. पण पानावर दोनच. तिसऱ्याने गोंधळ होतो." मी म्हटलं, "कोणाचा?" ते म्हणाले, "वाचकाचा," आणि उठले.

सप्टेंबर संपला. दसरा जवळ आला. प्रकाशकाचे फोन सुरू झाले. चुरी फोन उचलत नव्हते. मग त्याने मेहताभाईंना गाठलं, मेहताभाईंनी मला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी ठरवलं, आज वर जायचं आणि ह्या माणसाला समोर बसवून बोलायचं. बावीस वर्षांचं काम कोथिंबिरीच्या गप्पांत घालवतो म्हणजे काय!

खरं सांगायचं तर सुमन मेल्यापासून मी त्यांच्या घरी गेलो नव्हतो. चुरींची बायको शैलावहिनी आणि सुमन, दोघींचं गूळपीठ. दुपार त्या घरात जायची. सुमनशिवाय त्या घरात जायला मला नको वाटायचं. वहिनींना हल्ली विसरायला होतं, म्हणून त्या बाहेर पडत नाहीत, हे सगळ्या बिल्डिंगला ठाऊक होतं. किती विसरायला होतं ते कोणाला ठाऊक नव्हतं. चुरी कधी बोलले नाहीत.

चार वाजता गेलो. दार लोटलेलं होतं. आत वहिनी खिडकीजवळ खुर्चीत. केसांना तेल लावलेलं, वेणी घातलेली, पण एका बाजूला गेलेली. पुरुषाने घातलेली वेणी कळतेच. समोर स्टुलावर चुरी, हातात कागद. वाचत होते. पण बाहेर घंटी मारत हिंडतात ते चुरी नव्हेत. अगदी सावकाश, एकेक शब्द समोर ठेवत.

कथेत एक बाई रस्त्यावरच्या चावीवाल्याकडे कुलूप घेऊन येते. किल्ली हरवलीय म्हणते.

"हा कोण?" वहिनी म्हणाल्या.

"चावीवाला."

"बरं. मग?"

चावीवाला कुलूप कानाशी धरून हलवतो, कानस काढतो.

"मग?"

तो घासायला लागतो. ती बाजूला उभी राहते.

"हा कोण?"

"चावीवाला, शैला. तिचं कुलूप उघडणारा."

चुरींनी आणखी दोन वाक्यं वाचली. वहिनी खिडकीतून खाली बघत होत्या. चुरींनी कागदाला घडी घातली. अर्ध्यावरच.

तेवढ्यात वहिनींनी मला बघितलं. ओळखलं. चेहरा उजळला. "या ना गावडेभाऊजी! सुमन नाही आली?"

मी, सगळ्यांना तोंडावर 'मेली' म्हणून सांगणारा, पायातल्या चपला काढायला खाली वाकलो.

"येईल," चुरी म्हणाले. "केबिन रोडला गर्दी आहे आज. दसऱ्याची." आणि मला हाताला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेले.

चहाचं आधण ठेवलं. मी जे बोलायला आलो होतो ते कुठून सुरू करावं कळेना. शेवटी म्हटलं, "उद्या दसरा आहे, चुरी."

"माहितीये."

"दोन प्रकरणं तुम्हाला जड आहेत?"

त्यांनी आलं ठेचलं. मग म्हणाले, "गावडे, ही शाळेत मराठी शिकवायची. लग्न झाल्यापासून मी लिहिलेला प्रत्येक कागद आधी तिच्या हातात गेलाय. ती म्हणेल तो शब्द ठेवायचा, म्हणेल तो काढायचा. कादंबरी अशीच झाली. मी लिहायचो, वाचायचो, ती ऐकायची. एकोणतिसावं प्रकरण वाचत होतो, तेव्हा तिने विचारलं, हा बाळकृष्ण कोण? पहिल्या पानापासूनचा माणूस, गावडे. ज्याच्या मुंजीला ती रडली होती."

"मग?"

"मग मी कथा लिहायला घेतली. चार पानांची. चार पानं तिच्या ध्यानात राहायची. सुरुवात, शेवट, सगळं. भांडायची माझ्याशी, हे चूक, ते चूक. नंतर चार पानं जड व्हायला लागली, तीनची लिहिली. मग दोन. आता एक. त्यात दोनच माणसं. आज बघितलंत ना, अर्धंच झालं."

मी फटकळ माणूस. डोक्यात आलं ते बोललो. "मग रोज नवीन कशाला लिहिता? तिला कुठे आठवतंय? कालचीच वाचा. एकच कथा महिनाभर चालेल. तेवढ्या वेळात दोन प्रकरणं होतील तुमची."

चुरी रागावले नाहीत. "तिला नाही आठवत," म्हणाले. "मला आठवतं ना. आजवर तिला शिळी कथा ताजी म्हणून वाचून दाखवली नाही. आता ती पकडू शकत नाही म्हणून सुरू करू?"

आणि फोन वाजला. ओट्यावरच होता. प्रकाशकाचा. चुरी गाळणं शोधायला लागले. मला म्हणाले, "बघा ना काय म्हणतोय."

मी उचलला. "कादंबरी होणार नाही."

"कोण बोलतंय?"

"गावडे. खालचा."

"अहो, चुरींना द्या!"

"ते चहा गाळतायत."

"उद्या दसरा आहे हो!"

"आमच्याकडेपण उद्याच आहे. कादंबरी होणार नाही. एकेक पानाच्या कथा आहेत, शंभराच्या वर असतील. देऊ?"

"कथासंग्रह खपत नाहीत आता."

"ह्या खपायला लिहिलेल्याच नाहीत."

मग तो म्हणाला, "मग राहू द्या." चांगला माणूस असावा. आवाज पडला होता त्याचा.

"काय म्हणाला?" चुरींनी विचारलं.

"राहू द्या म्हणाला."

"हं." त्यांनी तीन कपांत चहा ओतला. वहिनींच्या कपात साखर जास्त घातली, ढवळली. "आठशे चाळीस पानं," एवढंच म्हणाले. मी वाट बघत होतो, आता एखादा फायदा निघेल. निघाला नाही. मग मीच, काहीतरी बोलायचं म्हणून, विचारलं, "त्या कुलपाचं पुढे काय झालं?"

"ते आधी ती ऐकणार," म्हणाले आणि कप घेऊन बाहेर गेले.

मला गोष्टींचं वेड कधीच नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी आपट्याची पानं घेऊन चार वाजता मी वर हजर. वहिनींनी माझ्या हातातून सोनं घेतलं, माझ्याच हातात परत दिलं. चुरींनी कागद उघडला आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. बाई आली, कुलूप दिलं. वहिनींनी एकदाच विचारलं, "हा कोण?" चावीवाल्याने घासलं, चावी लावून बघितली, परत घासलं. "मग?" कुलूप उघडलं. बाईने पैशांसाठी पर्स उघडली, तर आत जुनी किल्ली. तिने ती गुपचूप आत ढकलली, त्याला पैसे दिले आणि गेली. संपलं.

मला आवडली. मी मान हलवणार, एवढ्यात वहिनी म्हणाल्या, "शेवट खोटा आहे."

चुरी स्टुलासकट पुढे सरकले. "का?"

"किल्ली सापडल्यावर कुठली बाई गप्प बसते? हसेल ती. त्याला दाखवेल."

"आणि चावीवाला?"

"तोही हसेल. एवढा घाम गाळला म्हणून."

चुरींचा चेहरा त्या वेळी बघायला हवा होता. प्रकाशकाने चार मजले चढून छापतो म्हटलं तेव्हाही असा झाला नव्हता. त्यांनी कागद गुडघ्यावर ठेवला, शेवटच्या दोन ओळींवर काट मारली आणि भराभर लिहायला लागले. एका शब्दाशी अडले.

"शैला, ती खुदकन हसली की नुसती हसली?"

वहिनी खाली रस्त्याकडे बघत होत्या. कथा त्यांच्या ध्यानातून गेली होती.

चुरींनी पुन्हा विचारलं नाही. पेन कागदावर टेकवून, तेवढी जागा मोकळी ठेवून, ते थांबून राहिले.